घाट उतरल्यानंतर

५ सप्टेंबर

परवा साताऱ्यात हिल मॅरेथॉन. पोवई नाक्याच्या आसपासची लॉजं भरली आहेत. मुंबई-पुण्याहून आलेली धावपटू मंडळी संध्याकाळी गावात हिंडताहेत आणि जाता जाता माझ्या औषधांच्या दुकानात डोकावताहेत. मागणी ठरलेली असते: ओआरएस, चिकटपट्ट्या, व्हॅसलीन आणि पेनकिलर. दुखायला लागलं म्हणून गोळी मागणारे फार थोडे. बहुतेकांना ती पहाटे, धावायला सुरुवात करण्यापूर्वी घ्यायची असते.

आज एक पंचविशीचा मुलगा आला. म्हणाला, "मॅडम, आयबुप्रोफेन चारशेचा एक पत्ता द्या. दोन गोळ्या निघायच्या आधी, एक वर यवतेश्वरला. म्हणजे उतरताना पाय बोलणार नाहीत." त्याच्या ग्रुपमधले सगळेच असं करतात म्हणे. मला ते खरं वाटतं. २०१० साली जर्मनीतल्या बॉन मॅरेथॉनच्या धावपटूंना विचारणा झाली, तेव्हा जवळजवळ निम्म्यांनी शर्यतीआधीच वेदनाशामक घेतल्याचं सांगितलं होतं. गोळी घेतलेल्यांपैकी १६ टक्क्यांना शर्यतीत किंवा नंतर त्रास झाला. न घेतलेल्यांत हे प्रमाण ४ टक्के होतं. नऊ जणांना रुग्णालयात राहावं लागलं आणि ते सगळे गोळी घेतलेले होते. त्यातल्या तिघांची मूत्रपिंडं आयबुप्रोफेननंतर काही काळ निकामी झाली होती. बाकीच्यांनी अ‍ॅस्पिरिन घेतली होती. कुणाला रक्तस्राव, कुणाला हृदयविकाराचा झटका.

मुलाला खुर्चीवर बसवलं आणि किडनीचं सांगितलं. धावताना रक्त पायांकडे आणि कातडीकडे ओढलं जातं. घाम जातो, अंगातलं पाणी उतरतं. अशा वेळी किडनीच्या रक्तवाहिन्या रुंद ठेवून तिचा पुरवठा टिकवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं करतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या गोळ्या नेमकी हीच रसायनं तयार होऊ देत नाहीत. म्हणजे शरीराला ज्या तासांत त्यांची सर्वांत जास्त गरज, त्याच तासांत आपण ती काढून घेतो.

"मग उताराला काय करू?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "पावलं लहान टाक, गुडघा ताठ ठेवून आपटू नकोस, आणि दुखलं तर वेग कमी कर. दुखणं तुला काहीतरी सांगत असतं, ते ऐकू येऊ दे." ओआरएसची पाकिटं घेऊन तो गेला.

७ सप्टेंबर

पहाटेपासून भुरभुर पाऊस आणि घाटात दाट धुकं. तरीही वळणावळणावर माणसं उभी, ढोल-ताशे, शाळेच्या पोरांच्या टाळ्या. वर कासच्या बाजूला फुलांचा हंगाम सुरू झालेला.

मीही धावले. जाताना बहुतेक रस्ता चढाचा आणि येताना तोच उताराचा. चढावर छाती भरून आली, पण पायांची तक्रार नव्हती. उताराला श्वास अगदी सहज चालला होता आणि सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर आला. पाऊल टेकलं की गुडघा वाकतो; तो कोसळू नये म्हणून मांडीचा स्नायू लांबत असतानाच ताण धरून राहतो. चढताना स्नायू आखडून काम करतो, उतरताना लांबत लांबत. इजा करणारं काम हे दुसरं.

१९५२ मध्ये लंडनच्या अ‍ॅबट, बिगलँड आणि रिची या शास्त्रज्ञांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पायडल पुढे मारायचं, दुसऱ्याने ते उलटं येणारं पायडल नुसतं थोपवायचं. दोघांचं बळ सारखंच लागतं, पण थोपवणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागतो. एका प्रात्यक्षिकात सडपातळ तरुणीने धिप्पाड तरुणाला सहज थोपवून धरलं आणि तो दमून गेला. स्वस्तातल्या या कामाची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. थोपवताना स्नायूचे कमी तंतू कामाला लागतात, म्हणून लागलेल्या प्रत्येक तंतूवर ताण जास्त येतो. दम लागत नाही, त्यामुळे माणूस थांबतही नाही.

दुपारी सगळे मिसळ खायला जमलो तेव्हा जो तो सांगत होता, "काहीच दुखत नाही हो!" पहिल्या दिवशी असंच असतं.

८ सप्टेंबर

सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागला. मांड्या भरून आल्यात, पोटऱ्याही. बसलेलं उठताना हात टेकावा लागतो.

दुकानात पहिलंच गिऱ्हाईक कालच्या शर्यतीतलं होतं. "लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय, ते काढायची गोळी द्या." हा समज इतका पक्का बसलाय की दर वर्षी नव्याने समजवावं लागतं. लॅक्टेट तर धावणं थांबल्यावर तासाभरात जवळपास पूर्वपदावर येतं. आजचं दुखणं त्याचं असतं तर ते काल दुपारी मिसळ खातानाच संपायला हवं होतं.

खरं कारण शोधायची सुरुवात फार जुनी आहे. बोस्टनमधल्या थिओडोर हफ यांनी १९०२ मध्ये बोटाच्या स्नायूंना यंत्रावर राबवून पाहिलं. दुखणं कित्येक तासांनी उगवतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला जातं, हे त्यांनी नोंदवलं आणि स्नायूच्या आत कुठेतरी फाटत असावं असा तर्क केला. तो तर्क डोळ्यांनी दिसायला ऐंशीचं दशक उजाडावं लागलं. स्वीडनच्या यान फ्रीडेन आणि सहकाऱ्यांनी जिने उतरलेल्या आणि मागे ओढणाऱ्या सायकलवर राबलेल्या माणसांच्या पायांच्या स्नायूंचे बारीक तुकडे काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. स्नायूचा तंतू सार्कोमियर नावाच्या, दोन-तीन मायक्रॉन लांबीच्या एककांची रांग असतो. दोन एककांमध्ये झेड रेघ असते. निरोगी स्नायूत या रेघा सरळ, काटेकोर दिसतात. राबलेल्या स्नायूत त्या विस्कटलेल्या, पसरलेल्या, काही ठिकाणी तुटलेल्या होत्या.

म्हणजे माझ्या मांडीत आज खरोखर पडझड झालेली आहे. पावसाळ्यात भिंत पडली तर आधी राडारोडा उपसावा लागतो, मगच गवंडी कामाला लागू शकतो. शरीरही याच क्रमाने जातं. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल पेशी येतात आणि तुटकं-फुटकं मोडून काढतात. एक-दोन दिवसांत मॅक्रोफेज येतात. ते आधी सफाई करतात आणि मग पवित्रा बदलून दुरुस्तीचे निरोप धाडू लागतात. या सगळ्या खटाटोपात सूज येते, ऊब येते, नसांची टोकं हळवी होतात आणि दुखतं. यालाच आपण दाह म्हणतो आणि गोळीच्या पत्त्यावर 'दाहशामक' असं छापतो.

९ सप्टेंबर

आज कळस. गावात जे जे घाट उतरले होते ते सगळे पायऱ्या आडव्या चालीने उतरताना दिसले. मला पाहून हसले, मीही हसले.

मी गोळी घेतलेली नाही. औषधांवरचा माझा विश्वास कमी झालेला नाही. ताप, दातदुखी, मुरगळलेला घोटा, संधिवाताचा उठाव, मासिक पाळीची कळ, या सगळ्यांत ही औषधं किती दिलासा देतात ते मी रोज पाहते. त्यांच्या जन्मकथाही मला प्रिय आहेत. नॉटिंगहॅमच्या बूट्स कंपनीत स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स यांनी संधिवातासाठी अ‍ॅस्पिरिनहून सोसवेल असं काही शोधताना वर्षानुवर्षं शेकडो संयुगं तपासली आणि त्यातून आयबुप्रोफेन आलं. १९६९ पासून ते ब्रिटनमध्ये चिठ्ठीवर मिळू लागलं. ही औषधं काम कशी करतात हे मात्र त्यानंतर कळलं. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं, की अ‍ॅस्पिरिन आणि तिची भावंडं शरीरात प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत. १९८२ चं नोबेल त्यांना आणखी दोघांबरोबर मिळालं.

प्रश्न एवढाच आहे, की भरून आलेल्या मांडीला आज या औषधाने काय मिळेल? दुखणं थोडं कमी होईल, तेही प्रत्येकाला नाही. ताकद लवकर परत येईल का? त्याचा भरवसा नाही. कॅलिफोर्नियातल्या वेस्टर्न स्टेट्स या १६० किलोमीटरच्या शर्यतीत डेव्हिड नीमन यांनी आयबुप्रोफेन घेणारे आणि न घेणारे धावपटू तपासले. घेणाऱ्यांचं दुखणं कमी नव्हतं, स्नायूंची इजाही कमी नव्हती. उलट त्यांच्या रक्तात दाहाच्या खुणा जास्त होत्या आणि आतड्यातून झिरपलेलं जिवाणूंचं विषही जास्त होतं.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रोस्टाग्लँडिन दुखवतात हे खरं, पण ते दुरुस्तीतही राबतात. अमेरिकेत टॉड ट्रॅपे यांच्या गटाने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तरुणांना गुडघ्याचे जड व्यायाम उलट दिशेने, म्हणजे स्नायू लांबत असताना, करायला लावले. काहींना दिवसाला १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन, काहींना ४ ग्रॅम पॅरासिटामॉल, काहींना औषध नसलेली गोळी. दुसऱ्या दिवशी औषध नसलेल्या गटात स्नायूंमधली प्रथिनं बनवण्याची गती चांगली वाढलेली होती. दोन्ही औषधांच्या गटांत ती वाढ दबलेली दिसली. 'पॅरासिटामॉल साधी गोळी, तिने काय होतंय' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आपल्याकडे तर एकाच गोळीत दोन्ही एकत्र मिळतात.

संध्याकाळी एक काका चिठ्ठीशिवाय 'सूज उतरायची' गोळी मागत होते: असेक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि सेराशियोपेप्टिडेज. यातलं तिसरं औषध ज्या जपानी कंपनीने बाजारात आणलं, तिनेच २०११ मध्ये ते मागे घेतलं, कारण नव्याने केलेल्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही. काकांना मी हे सगळं सांगितलं आणि घरी मालिश करून घ्या म्हटलं. २०१८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी अशा दुखण्यावरच्या नाना उपायांचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मालिश सर्वांत उजवी ठरली होती. आईने मला काल कोमट तिळाच्या तेलाने पाय चोळून दिले. झोपही चांगली लागली.

१० सप्टेंबर

गुरुजी आले. निवृत्त शिक्षक, रोज सकाळी अजिंक्यतारा चढून उतरणारे. या रविवारी नातवाबरोबर उत्साहाने यवतेश्वरचा घाट चालून आले आणि आता पायऱ्या उतरवत नाहीत. कुणीतरी दिलेली डायक्लोफेनॅकची गोळी दोन दिवस घेताहेत.

"गुरुजी, तुमच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना?" त्यांनी पिशवीतून डबी काढली. टेल्मिसार्टन, जोडीला लघवी वाढवणारी गोळी. आणि आता हे तिसरं. ही तीन औषधं एकत्र आली की किडनीवर तिन्ही बाजूंनी ताण येतो: एकाने आत येणारी वाट अरुंद, दुसऱ्याने बाहेर जाणारी रुंद, तिसऱ्याने अंगातलं पाणी कमी. गाळणीवरचा दाब पडतो. त्यात घाम गेलेला असला की धोका आणखी वाढतो. मी त्यांना डायक्लोफेनॅक बंद करायला लावलं, त्यांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावून दिला आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासायचं ठरलं. तोवर लावायचं जेल चालेल असं डॉक्टर म्हणाले. जेलमधून रक्तात पोचणारं डायक्लोफेनॅक गोळीच्या मानाने अगदी थोडं, सुमारे ६ टक्के असतं.

वयस्कांच्या बाबतीत शास्त्र मला पुन्हा पुन्हा थांबून विचार करायला लावतं. ट्रॅपे यांच्याच गटाने २०११ मध्ये साठीच्या पुढच्या माणसांना बारा आठवडे मांडीचा व्यायाम दिला आणि काहींना रोज आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल दिलं. तरुणांवरून जे वाटलं असतं त्याच्या उलट घडलं. औषध घेणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वाढली. म्हातारपणी अंगात मंद, रेंगाळणारा दाह असतो. तो थोडा शमला तर स्नायूला वाढायला मोकळीक मिळत असावी. म्हणून 'गोळी वाईट' असं सरसकट वाक्य मी कधी बोलत नाही. कुणाला, कशासाठी, किती दिवस आणि सोबत काय चालू आहे, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय या औषधाबद्दल बोलताच येत नाही.

१२ सप्टेंबर

आज सकाळी दुकान उघडतानाच पोलीस भरतीच्या तयारीतली दोन मुलं उभी होती. एक दुसऱ्याला धरून. खालच्या गावातून आलेले. मैदानी चाचणीच्या धास्तीने काल एका दमात सोळाशे मीटरच्या फेऱ्या, मग उठाबशा, मग पुन्हा फेऱ्या, आणि रात्री मांड्या दगड झाल्या म्हणून गावात कुणाकडून तरी दुखण्याचं इंजेक्शन. सकाळी लघवी गडद तपकिरी झालेली.

गोळी मागायला आला होता तो. मी त्याला गोळी दिली नाही. रिक्षा थांबवली आणि सरकारी दवाखान्यात पोचवलं. मांड्या असह्य ताठरलेल्या, ताकद गेलेली आणि लघवी तपकिरी, ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर पुढे विचार करत बसायचं नसतं. स्नायू इतके फुटलेले असतात की त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि किडनीत जाऊन बसतं. लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली दबलेल्या माणसांमध्ये १९४१ साली बायवॉटर्स आणि बील यांनी याचं वर्णन केलं. दबलेली माणसं ढिगाऱ्यातून सुखरूप निघायची आणि काही दिवसांनी किडनी बंद पडून जायची. व्यायामाने ते क्वचित होतं, पण होतं. आणि वर जर किडनीचा रक्तपुरवठा आखडणारं इंजेक्शन दिलेलं असेल, तर संकटात भर पडते.

गोबी, अटाकामा, इक्वेडोर आणि श्रीलंकेतल्या लांब शर्यतींमध्ये एक काटेकोर चाचणी झाली होती. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ८९ धावपटूंना ८० किलोमीटरच्या टप्प्यात दर चार तासांनी ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन किंवा तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. किडनीवर तात्काळ आघात झाल्याची चिन्हं आयबुप्रोफेनच्या गटात ५२ टक्क्यांना दिसली, पोकळ गोळीच्या गटात ३४ टक्क्यांना. एवढं नीट मोजलेलं उत्तर समोर असताना मैदानावरच्या पोरांपर्यंत ते कुणी पोचवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ही मुलं हौसेने धावत नाहीत. घरात पहिली पगाराची नोकरी यावी म्हणून धावतात.

रात्री त्याच्या मित्राचा फोन आला. सलाईन चालू आहे, लघवीचा रंग निवळतोय.

१५ सप्टेंबर

आज रस्त्यावर सावकाश धावले. मांड्या मोकळ्या झाल्यात. दुपारी गर्दी नव्हती, तेव्हा उरलेलं लिहून काढते.

स्नायूची दुरुस्ती करणाऱ्या पेशी अलेक्झांडर मॉरो यांना १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत दिसल्या. तंतूच्या अगदी कडेला, पातळ आवरणाखाली त्या निजलेल्या असतात. म्हणून त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. इजा झाली की जाग्या होतात, वाढतात आणि तंतूत मिसळून तो भरून काढतात. डेन्मार्कच्या संशोधकांनी २००७ मध्ये काही धावपटूंना ३६ किलोमीटर धावायला लावून या पेशी मोजल्या. आठव्या दिवशी औषध न घेतलेल्यांत त्या २७ टक्क्यांनी वाढल्या होत्या. इंडोमेथॅसिन हे दाहशामक घेतलेल्यांत त्या वाढल्याच नाहीत. पुढे २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या हेलन ब्लाउ यांच्या प्रयोगशाळेने उंदरांमध्ये त्यामागचा एक दुवा दाखवला: प्रोस्टाग्लँडिन ई-टू हाच या पेशींना जागं करणारा एक महत्त्वाचा निरोप आहे. दाहशामक दिलं की तो निरोप क्षीण होतो.

२०१८ मध्ये स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेचा अभ्यास आला. तरुण स्त्री-पुरुषांनी आठ आठवडे वजनाचे व्यायाम केले. एका गटाला रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन, दुसऱ्याला फक्त ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन. मांडीच्या स्नायूची वाढ अ‍ॅस्पिरिनच्या गटात ७.५ टक्के, आयबुप्रोफेनच्या गटात ३.७ टक्के. म्हणजे अर्धी.

याच्या विरुद्ध पुरावाही माझ्याकडे आहे आणि तो लपवणं बरोबर नाही. २०१६ मध्ये डेन्मार्कच्याच अ‍ॅबिगेल मॅकी आणि सहकाऱ्यांनी विजेच्या झटक्यांनी स्नायूला जबर इजा केली, आयबुप्रोफेन दिलं, आणि तरीही दुरुस्ती थांबली नाही. थोड्या मात्रेत, अधूनमधून घेतलेल्या गोळीने वाढ खुंटल्याचं दिसत नाही. हे सगळं समोर मांडून मला जे कळतं ते असं: एखाद-दुसऱ्या दिवशी, असह्य दुखण्यासाठी, पोटात अन्न आणि अंगात पाणी असताना घेतलेली गोळी दुरुस्ती बिघडवत नाही. आठवडेच्या आठवडे, पूर्ण मात्रेत, व्यायामाचा भाग म्हणून घेतलेली गोळी तरुण माणसाच्या मेहनतीचं फळ कमी करते. आणि धावण्याआधी किंवा धावताना घेतलेली गोळी दुरुस्तीच्या प्रश्नाआधीच किडनीला, पोटाला आणि हृदयाला धोक्यात घालते.

२८ सप्टेंबर

पुन्हा घाट उतरले. तेच अंतर, तसाच वेग, आणि आज मांड्यांत जेमतेम कणकण. एकदा पडझड होऊन भरून आलेला स्नायू पुढच्या वेळी तेच काम फार कमी इजेत करतो आणि हे संरक्षण कित्येक आठवडे टिकतं. दुरुस्तीच्या वेळी तंतूत नवी एककं भरली जातात, भोवतीचं आवरण घट्ट होतं, मेंदूकडून येणारी हुकमत जास्त तंतूंमध्ये वाटली जाते. उतारावरच्या दुखण्यावर सिद्ध झालेला एक उत्तम उपाय कोणता असेल तर तो हाच: आधी थोडा उतार, मग जास्त.

भरतीवाला मुलगा आज येऊन गेला. बरा आहे. डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितलीय. मी त्याला विश्रांतीनंतरच्या आठवड्यांचं वेळापत्रक लिहून दिलं: हळूहळू वाढणारं, मध्ये विश्रांतीचे दिवस असलेलं. डॉक्टरांना दाखवून मगच सुरू करायचं. शेंगदाणे, डाळ, अंडी, दूध, आठ तास झोप. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.

९ नोव्हेंबर

ऊसतोडीचा हंगाम सुरू झालाय. बीड आणि अहिल्यानगरकडून ट्रॅक्टर आले, कारखान्यांच्या आसपास कोप्या उभ्या राहिल्या. काल एक मुकादम दुकानात आला आणि डायक्लोफेनॅकचा अख्खा डबा मागितला. "टोळीला लागतात, ताई. पहिल्या आठवड्यात फार कुरकुर असते." डायक्लोफेनॅक शेड्यूल एचमधलं, चिठ्ठीशिवाय देता येत नाही, हे सांगून मी नकार दिला. पण त्याचं वाक्य मनात राहिलं, म्हणून आज प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या ओळखीच्या नर्सबाईंबरोबर कोप्यांवर गेले.

मुकादमाचं निरीक्षण अचूक आहे. वाकून बुडाशी कोयता चालवणं म्हणजे मांडीच्या मागच्या आणि कंबरेच्या स्नायूंनी लांबत लांबत धड तोलून धरणं, दिवसभर, हजारो वेळा. मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं आणि पुन्हा उतरायचं. महिनोन्महिने या कामाची सवय सुटलेलं शरीर पहाटे फडात उतरतं आणि पहिल्याच दिवसापासून पूर्ण कामाला जुंपलं जातं. मी घाट उतरले त्याहून मोठी इजा या आठवड्यात इथे प्रत्येक कोपीत झालेली आहे.

एक बाई पाय पसरून बसल्या होत्या. माझं बोलणं शांतपणे ऐकून म्हणाल्या, "ताई, तुमचं खरं असंल. पण गोळी न खाता उद्या फडात उभं कसं राहायचं? एक कोयता बसला तर उचल फिटत न्हाई." कोयता म्हणजे तोडणी करणारी नवरा-बायकोची जोडी, उचल म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम.

मी घाट उतरले त्याच्या दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसून दुकान चालवलं, त्याच दिवशी मालिश करून घेतली, आठ दिवसांनी सावकाश धावले. दुखण्याला त्याचे दिवस द्यावेत, हा सल्ला मला पाळता आला, कारण ते दिवस माझ्या हातात होते. या बाईंना तोच सल्ला देऊन निघून येणं हे अर्धंच काम. विज्ञानाने स्नायूबद्दल जे शिकवलं आहे ते इथे व्यवस्थेकडूनच पाळून घ्यायला हवं. पहिल्या आठवड्यात अर्धं काम आणि पूर्ण मजुरी, कारण एकदा अंगवळणी पडलं की तोच माणूस पुढचे पाच महिने कमी इजेत तोडणी करतो. यात कारखान्याचंही नुकसान नाही. फडावर सावली आणि पिण्याचं पाणी. हंगामाच्या सुरुवातीला रक्तदाब आणि क्रिएटिनिनची तपासणी. आणि पहिल्या आठवड्यानंतरही जे दुखत राहतं ते सवयीचं दुखणं नव्हे. त्यावर गोळी घेत राहू नये, डॉक्टरांना दाखवावं.

बाईंना मी पॅरासिटामॉल दिली आणि मात्रा समजावली: जेवल्यावर एक पाचशेची, दोन गोळ्यांमध्ये सहा तास, दिवसात चारच्या वर नाही, तीन दिवसांच्या पुढे नाही, दारू प्यायलेल्या माणसाला अजिबात नाही. सगळ्या कोप्यांमध्ये ओआरएस वाटलं आणि लघवी तपकिरी झाली तर रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा ते सांगितलं. मुकादमाशी नर्सबाई बोलल्या. नव्याने आलेल्या जोड्यांना पहिले चार दिवस मोळ्या बांधायला ठेवायचं त्याने कबूल केलं आहे. कारखान्याच्या कामगार अधिकाऱ्याला द्यायचं पत्र मी आज रात्री लिहिते आहे. मागण्या वर लिहिल्या त्याच. त्याखाली कारण एका वाक्यात घालणार आहे: थकलेल्या स्नायूला दुरुस्तीसाठी वेळ लागतो, आणि तो वेळ देणारी गोळी अजून कुणी बनवलेली नाही.